पदरमोड करून परिषदेला जाणाऱ्यांच्या बाजूने

परवडत नसेल तर परिषदांच्या वाटेला जाऊ नका, असा एक उपदेश सध्या नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांतून फिरतो आहे. एका निवृत्त विद्वानांनी तो आधी नांदेडच्या व्याख्यानात केला, मग लातूरच्या कार्यशाळेत केला, आणि आता रजेचा अर्ज घेऊन गेलेल्या प्राध्यापकाला प्राचार्यही तोच ऐकवतात. विद्वानांचं नाव घेत नाही. माझं भांडण त्यांच्या मताशी आहे. ते मत आमच्या भागातल्या तरुण अभ्यासकांचं नुकसान करतं आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

त्यांचं म्हणणं असं. परिषदेतले निबंध पुढे छापून येतात, भाषणं यूट्यूबवर मिळतात, करोनाच्या काळात घरबसल्या सगळं होतं हे सिद्ध झालं. तरीही देगलूरचा, उदगीरचा, अहमदपूरचा मास्तर रात्रभर गाडीत अवघडून, पगारातले चार-पाच हजार घालवून पुण्या-मुंबईला जातो, कारण त्याला गुण हवे असतात, प्रमाणपत्र हवं असतं, नाहीतर चार दिवस फिरायचं असतं. त्या पैशांत त्याने पुस्तकं घ्यावीत. आणि तासिका तत्त्वावरच्या पोरांनी तर ही हौस मुळीच करू नये.

गुणांचं आधी पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतला तक्ता सगळ्यांना उपलब्ध आहे. राष्ट्रीय परिषदेत निबंध वाचला तर ३ गुण, राज्य किंवा विद्यापीठ पातळीवर वाचला तर २. तोच निबंध मान्य नियतकालिकात छापला तर विज्ञानाला ८ आणि मानव्यशाखांना १० गुण. म्हणजे ज्याला फक्त गुणच हवे आहेत त्याने घरी बसून लेख लिहावा; गाडीभाडं, नोंदणी शुल्क आणि दोन रात्रींची झोप देऊन ३ गुण कोण विकत घेईल? फिरण्याच्या आरोपाला एवढंच उत्तर: दोन रात्री स्लीपरच्या डब्यात आणि मधला दिवस सभागृहात काढणाऱ्याने कोणतं शहर पाहिलं ते दाखवून द्या. पुस्तकं घ्यावीत हे मान्य, आणि जे परिषदेला जातात तेच पुस्तकंही घेतात, हा माझा अनुभव आहे.

आता खरा मुद्दा: घरी बसून ऐका.

हे वाक्य लातूरमध्ये उच्चारणाऱ्याने सभागृहाबाहेर येऊन एक चक्कर मारायला हवी होती. लातूर पॅटर्नच्या नावाने अख्ख्या महाराष्ट्रातून पोरं इथे येऊन राहतात. नीटचा सगळा अभ्यासक्रम मोबाइलवर आहे, एकेका धड्यावर शेकडो व्हिडिओ आहेत, बरेचसे फुकट आहेत. तरीही नंदुरबारचा बाप शेत गहाण टाकून मुलीला लातूरला खोली घेऊन देतो, मेसचे पैसे भरतो. का? समोर बसलेल्या पोरीच्या चेहऱ्यावर धडा कळला नाही हे शिक्षकाला दिसतं म्हणून. शेजारी बसलेली मैत्रीण रात्री अकराला दार वाजवून शंका विचारते म्हणून. सतरा वर्षांच्या मुलीला समोरासमोर शिकण्याची गरज असते हे सगळ्या समाजाला पटलेलं आहे आणि त्यासाठी तो लाखो रुपये मोजतो. त्याच मुलीला शिकवणाऱ्या मास्तराला मात्र स्वतःच्या विषयातली माणसं पडद्यावर पाहून भागवायला सांगितलं जातं. हा न्याय मला कळलेला नाही.

करोनाने काय सिद्ध केलं तेही आठवून पाहू. २०२० च्या उन्हाळ्यात वेबिनारांचा पूर आला होता. एकाच दिवशी चार ठिकाणी नाव नोंदवायचं, कॅमेरा बंद ठेवायचा, शेवटी आलेला गुगल फॉर्म भरायचा आणि प्रमाणपत्र ईमेलवर घ्यायचं. आमच्यापैकी अनेकांकडे त्या दिवसांच्या प्रमाणपत्रांची फाइल आहे. त्या फाइलमुळे विषयातलं एक नवं माणूस ओळखीचं झालं असं सांगणारा मला अजून भेटायचा आहे. प्रमाणपत्रासाठीच लोक जातात असा ज्यांचा आरोप आहे, त्यांनी सुचवलेल्या पर्यायात प्रमाणपत्राशिवाय काहीच हाती लागत नाही. आणि आता जिथे दोन्ही सोयी असतात, तिथे दुरून जोडलेल्या माणसाचा निबंध शेवटच्या सत्रात टाकतात. त्याला पाच मिनिटं मिळतात, सभागृहातला प्रश्न त्याला ऐकू जात नाही, आणि तो बोलत असताना समोरची माणसं जेवायला उठलेली असतात.

एक उदाहरण सांगतो, कारण हवेत बोलून उपयोग नाही. देगलूर तालुक्यात होट्टलला चालुक्यकालीन मंदिरं आहेत. कल्याणीच्या चालुक्यांचं राज्य आमच्या भागावर होतं, त्यामुळे मराठवाड्यातले त्या काळातले अनेक शिलालेख कन्नडमध्ये आहेत. आमचा एक सहकारी, लहान गावातल्या महाविद्यालयात इतिहास शिकवणारा, त्या परिसरातल्या एका झिजलेल्या लेखाचे फोटो घेऊन बसला होता. त्याला जुनं कन्नड वाचता येत नव्हतं आणि वाचून देईल असं नांदेडमध्ये कोणी सापडत नव्हतं. कर्नाटकातल्या एका परिषदेला तो स्वतःच्या खर्चाने गेला. निबंधाला दहा मिनिटं मिळाली, त्यात काही विशेष घडलं नाही. चहाच्या वेळी मात्र एका वयस्कर लिपितज्ज्ञांनी त्याच्या हातातले फोटो मागून घेतले, उजेडाकडे धरून आडवे-उभे करून पाहिले, आणि म्हणाले की दुपारच्या उन्हात फोटो काढलात, सकाळी उन्हाची तिरीप असताना काढायला हवे होते, आणि फोटोवर विसंबू नका, कागद भिजवून ठसा घ्या. मग त्यांनी पहिल्या दोन ओळी तिथेच वाचून दाखवल्या. राजाचं नाव म्हणून सहकारी जे धरून चालला होता, ते गावाचं नाव निघालं. त्याचा सगळा तर्क त्या एका वाचनाने बदलला. हे ईमेलने झालं असतं का? त्याने आधी कुणाकुणाला ईमेल पाठवले होते ते मी पाहिले आहेत. एकालाही उत्तर आलेलं नव्हतं.

किल्लारीचंही तसंच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा तो भूकंप स्थिर समजल्या जाणाऱ्या भूभागात झाला, त्यामुळे भूशास्त्राच्या जगात त्याचा अभ्यास पुढे वर्षानुवर्षं चालू राहिला. आमच्या मातीवर निबंध वाचले जाणार, आमच्या विहिरींच्या पातळ्या, आमची पडलेली दगड-मातीची घरं दुसऱ्यांच्या स्लाइडवर दिसणार, आणि ती गावं रोज पायाखाली घालणाऱ्या लातूरच्या मास्तराने घरी बसून ऐकायचं. तो सभागृहात असता तर एखाद्या नकाशावर बोट ठेवून ही भेग या शिवारात नव्हती, पलीकडच्या शिवारात होती, असं म्हणू शकला असता. प्रश्न कोणते विचारले जातात हे तिथे कोण बसलं आहे यावर ठरतं. माझा सगळा लेख या एका गोष्टीसाठी आहे.

आणि घरी बसण्याचा उपदेश ज्यांनी केला ते स्वतः नांदेडला आले होते. त्यांना प्रवासखर्च दिला होता, राहण्याची सोय केली होती, मानधनही दिलं होतं. घरी बसून बोलणं इतकं पुरेसं असेल तर त्यांनी घरूनच बोलायचं होतं. त्यांना आमच्यासमोर उभं राहायचं होतं, कारण समोर उभं राहून बोललेलं लागतं हे त्यांनाही ठाऊक आहे.

हा वाद आमच्याकडे जुना आहे. निजामाच्या राजवटीत गश्ती निशाण ५३ नावाचा हुकूम होता. सभा घ्यायची तर आधी परवानगी लागायची. पत्रकं आणि वर्तमानपत्रं तेव्हाही होती, पण महाराष्ट्र परिषदेच्या लोकांनी १९३७ साली परतूरला, १९३८ साली लातूरला, १९४१ साली उमरीला अधिवेशनं भरवली. एकत्र बसण्याची किंमत काय असते हे आमच्या आजोबांना कुणी शिकवावं लागलं नाही. नांदेडला वेगळं विद्यापीठ मागितलं तेव्हाही औरंगाबादला आहे ना, तिकडे जा, असं बोलणारे होते. १७ सप्टेंबर १९९४ ला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ उभं राहिलं, आणि आज त्याच्या क्षेत्रातल्या चार जिल्ह्यांतली शेतकऱ्यांची पोरं तिथे पीएच.डी. करतात. रेल्वेचं तर विचारूच नका. नांदेड विभाग दक्षिण मध्य रेल्वेत, म्हणजे मुंबईला जाणाऱ्या आमच्या गाडीचा निर्णय सिकंदराबादला होतो. लातूरकडून कुर्डुवाडीला जाणारी गाडी नवं शतक उजाडलं तरी नॅरोगेजवरच होती. आधी रस्ता द्यायचा नाही, आणि मग चालण्याची गरजच काय असं विचारायचं, ही पद्धत आम्ही तीन पिढ्या पाहतो आहोत. म्हणून या उपदेशाने मला इतका राग येतो.

निकृष्ट परिषदा भरतात, हे प्रतिपक्षाचं म्हणणं मात्र खरं आहे. उद्घाटन दोन तास, सत्कार एक तास, चाळीस निबंध दीड तासात, आणि लेख छापण्याचे वेगळे पैसे. अशांना जाऊ नका. पण बनावट औषधं विकली जातात म्हणून दवाखान्यात जाणं कुणी सोडत नाही.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट, खर्चाचं ओझं माणूस पाहून ठरवा. नोंदणी शुल्कात प्राध्यापक आणि संशोधक विद्यार्थी असे दोनच वर्ग असतात. तासिका तत्त्वावरचा माणूस प्राध्यापकाच्या वर्गात मोडतो आणि पूर्ण वेतन घेणाऱ्याइतकेच पैसे भरतो. वास्तविक त्याला पगार तासावर मिळतो, सुट्टीत मिळत नाही, आणि नियमित शिक्षकाला परिषदेसाठी कर्तव्य रजा असते तशी त्याला नसते. तो दोन दिवस गेला की दोन दिवसांचे तास बुडाले. त्याला विद्यार्थ्याच्या दरात घ्या. आयोजकांचं यात फार काही जाणार नाही. सत्काराच्या शालींचा खर्च वाचवला तरी भागेल.

दुसरी, निबंध स्वीकारल्याचं पत्र वेळेवर द्या. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. पत्र परिषदेच्या तीन आठवडे आधी आलं तर देवगिरी किंवा नंदीग्राम एक्सप्रेसला प्रतीक्षायादीच मिळते; मग तत्काळचे जास्तीचे पैसे, नाहीतर ट्रॅव्हल्सचं मनमानी भाडं. सत्तर दिवस आधी उत्तर दिलं तर प्रवासाचा खर्च नुसत्या त्या तारखेने निम्म्यावर येतो. काही अखिल भारतीय संस्थांच्या अधिवेशनांना जाणाऱ्या प्रतिनिधींना रेल्वे भाड्यात सवलत देत असे. २० मार्च २०२० ला विद्यार्थी, रुग्ण आणि दिव्यांग वगळता बहुतेक सवलती थांबवल्या, त्यात तीही गेली. करोना संपला, सवलत परत आली नाही. तिच्यासाठी एकाही प्राध्यापक संघटनेने मोठा आवाज केलेला मी ऐकला नाही, याचा खेद वाटतो.

तिसरी, महाविद्यालयांनी पैसे आधी द्यावेत. बिलं जोडून वर्षभर वाट पाहायला लावणं ही ज्याच्याकडे शिल्लक आहे त्याच्यासाठीची व्यवस्था आहे. ज्याच्याकडे नाही तो अर्जच करत नाही, आणि मग कुणाला जायचंच नसतं असा अहवाल लिहिला जातो.

चौथी, परिषदा इकडे आणा. २०११ च्या डिसेंबरात इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीचं वार्षिक अधिवेशन नांदेडच्या विद्यापीठात भरलं होतं. २०२२ साली ९५ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उदगीरला झालं, आणि ज्यांनी आयुष्यात संमेलन पाहिलं नव्हतं ते तालुक्यातून एसटीने येऊन संध्याकाळी घरी परत गेले. नांदेडला गुरुद्वाऱ्याची यात्री निवासं आहेत, लंगर आहे. देशभरातून येणाऱ्या भाविकांना स्वस्तात राहायला आणि पोटभर जेवायला घालण्याची सवय या शहराला आहे. लातूरला सुट्टीत मुलांची वसतिगृहं मोकळी असतात. दोनशे अभ्यासकांची सोय करणं या दोन शहरांना जड नाही.

हे सगळं होईल तेव्हा होईल. तोवर ज्या तरुणांनी मला विचारलं त्यांना मी सांगतो की वर्षातून एकच परिषद निवडा, पण आपल्या विषयाची निवडा. कार्यक्रमपत्रिकेत ज्या तीन माणसांना भेटायचं आहे त्यांची नावं आधी लिहून ठेवा, त्यांचं लिखाण वाचून जा, आणि निबंधाच्या दहा छापील प्रती पिशवीत असू द्या. राहायला त्या विद्यापीठातल्या आपल्या गावच्या पोराची खोली शोधा. पुण्याच्या प्रत्येक वसतिगृहात नांदेडचा किंवा लातूरचा कोणीतरी असतोच. जेवण तिथेच मिळतं. समारोपाच्या सत्रापर्यंत थांबा, आणि परतीचं तिकीट रात्रीच्या गाडीचं काढा. होट्टलचा तो सहकारी पुढच्या हिवाळ्यात पुन्हा कर्नाटकात जाणार आहे, या वेळी लेखाचे ठसे घेऊन. त्याचा रजेचा अर्ज प्राचार्यांच्या टेबलावर आहे, आणि तो बिनपगारी का होईना, मंजूर व्हावा एवढीच त्याची मागणी आहे. माझी मागणी तो पगारी मंजूर व्हावा अशी आहे.