"नाही" लिहा म्हणे!

परवा ताईकडे प्रकाशाला गेलो होतो. केदारेश्वराचं दर्शन झालं, मग ओट्यावर चहा आणि एकच विषय: भाच्याचा कॅनडाचा पीआर.

२०१९ साली त्याला अमेरिकेच्या विमानतळावरून परत पाठवलं होतं. आता कॅनडाचा फॉर्म सरळ विचारतो, कुठल्याही देशाने व्हिसा किंवा प्रवेश नाकारला होता का? एजंट म्हणतो, "नाही" लिहा, त्यांना काय कळतंय! आणि आमची मोठी माणसं माना डोलावतायत...

अहो, कळतं! अमेरिका आणि कॅनडा बोटांचे ठसे ताडून पाहतात. खरं लिहिलं तर निदान कारण सांगता येतं. नुसत्या जुन्या नकारावरून अर्ज आपोआप बाद होत नाही. खोटं सापडलं तर कॅनडाच्या कायद्याचं कलम ४०, म्हणजे ५ वर्षं दार बंद, पीआरचा अर्जसुद्धा नाही. (२०१४ च्या बदलाआधी २ वर्षं होती.) एजंटाचं काय जातंय? फी केव्हाच खिशात. सही पोराची!

त्यात भाच्याने तेव्हा प्रवेशाचा अर्ज स्वतः मागे घेतला होता, हद्दपारीचा हुकूम निघाला नव्हता. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण उत्तर तरीही "हो"च, आणि सोबत तो कागद.

ताई, जुन्या ट्रंकेत बघ गं एकदा.