उतरलेल्या वस्त्रांची नवी प्रतिष्ठा

सुमारे २ कोटी ८६ लाख पौंड किमतीचा न खपलेला माल एका वर्षात नष्ट करण्यात आला, अशी नोंद लंडनच्या 'बर्बेरी' या नामांकित वस्त्रकंपनीच्या २०१८ च्या वार्षिक अहवालात आढळली, तेव्हा पाश्चात्त्य जगात मोठा गहजब झाला. असा माल स्वस्तात विकला गेला असता, तर नको त्यांच्या अंगावर दिसला असता आणि पूर्ण किंमत मोजणाऱ्यांना त्याचे अप्रूप उरले नसते. नाशामागील हिशेब एवढाच. त्याच वर्षी सप्टेंबरात कंपनीने ही प्रथा बंद केल्याचे जाहीर केले. फ्रान्सने २०२० मध्ये कायदा करून २०२२ च्या प्रारंभापासून न खपलेले कपडे नष्ट करण्यास मनाईच केली.

नामांकित कंपन्यांचे वापरलेले कपडे विकत घेणे हे आता पर्यावरणनिष्ठेचे लक्षण मानले जाते, ते या पार्श्वभूमीवर. पॅरिसमध्ये २००९ साली स्थापन झालेली 'व्हेस्टिएर कलेक्टिव्ह' ही कंपनी अशाच व्यवहारावर उभी आहे. २०२२ मध्ये तिने चार दिवसांत विटणाऱ्या स्वस्त फॅशनच्या अनेक कंपन्यांचा माल घेणे बंद केले. या निर्णयात तत्त्वापेक्षा व्यवहारज्ञान कमी नव्हते. शिवणीच्या आत जो जादा कापडाचा पट्टा राखतात, त्याला आपले शिंपी 'माया' म्हणतात. माया सोडलेला, अस्तर लावलेला लोकरी कोट उसवून सैल करता येतो, पुन्हा बेतता येतो आणि दुसऱ्या, तिसऱ्या धन्याचीही सेवा करतो. स्वस्त सदऱ्यात माया नसते. तो पहिल्याच धन्याकडे जीव सोडतो. तेव्हा जुना उंची कपडा घेणारा मनुष्य केवळ मिरवतो, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

परंतु प्रश्न घेणाऱ्याचा नाहीच, विकणाऱ्याचा आहे. जुना कोट विकून आलेल्या पैशांत त्याने नवा कोट घेतला, तर पृथ्वीवरचा भार कोणता हलका झाला? 'गुची'ची मालकी असलेल्या 'केरिंग' समूहाने २०२१ मध्ये 'व्हेस्टिएर'चे सुमारे ५ टक्के भाग घेतले, ते नव्या मालाचा खप घटावा या इच्छेने घेतले असतील, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. जुन्याला भाव येतो हे कळले की नवे घेताना हात आखडत नाही; घर विकत घेणारा जसा पुढच्या भावाचा विचार करतो, तसा आता कोट घेणाराही करू लागला आहे.

मराठी घरांतील रीत याच्या नेमकी उलट होती. आजीची पैठणी विरली की तिच्या धडक्या भागातून नातीचे परकर-पोलके निघे. उरलेली खरी जर आटवून चांदी काढली जाई. सुती लुगड्याची गोधडी होई. थोरल्याचा सदरा धाकट्याकडे येई आणि कोपराला ठिगळ लावून शाळेत जाई. यात कोणाला पर्यावरणाची आठवण नव्हती. ती गरज होती आणि तिच्याबरोबर लाजही होती. उतरलेले कपडे घालणाऱ्या मुलाला वर्गात काय ऐकावे लागे, हे जुन्या शिक्षकांना सांगावयास नको. त्याच कृतीला आज सन्मान मिळतो, पण कपड्याच्या आत नामांकित कंपनीची पट्टी असेल तरच. कारकुनाच्या मुलाच्या ठिगळाला तो अजूनही नाही.

बोहारणीचेही तेच. दुपारच्या वेळी दारात बसून, लुगड्याची घडी उजेडात धरून कोठे विरले आहे ते ती पाहते, एका पातेल्यासाठी आणखी दोन सदरे मागते, गृहिणी एकावर अडून बसते. मग ती ते कपडे धुऊन, सांधून बाजारात नेते आणि नवे घेणे ज्यांना कधीच परवडणार नाही, त्यांना विकते. तिच्या गिऱ्हाईकाने घेतलेला सदरा खरोखरच एका नव्या सदऱ्याची जागा घेतो. पॅरिसच्या व्यवहारात विकाऊ वस्तूच्या अस्सलपणाची पारख करणाऱ्यांना पगार मिळतो. बोहारणीची पारख मात्र पातेल्याच्या किमतीतच धरली जाते, आणि अनेक गृहसंकुलांच्या फाटकावर रखवालदार तिला आत सोडीत नाही.