निवडुंग तगतो; पण चारा केव्हा देतो?

मालेगाव तालुक्यातील शेती बहुतांशी पावसावर अवलंबून आहे. सोयाबीन व तूर भरात असता पावसाने ताण दिला की पिके माना टाकतात. बांधावरचा निवडुंग मात्र हिरवा राहतो. त्यावरून निवडुंगास पाणी लागतच नाही असा समज रूढ झाला आहे. हा समज अर्धाच खरा आहे, आणि चाराटंचाईच्या वर्षी अर्ध्या सत्यावर विसंबणारा शेतकरी फसतो.

सामान्य पिके दिवसा पर्णरंध्रे उघडून हवेतील कर्बवायू घेतात. त्याच वाटेने त्यांचे पाणीही उडून जाते. मांसल वनस्पती ही रंध्रे रात्री उघडतात. रात्री हवा थंड असल्याने पाणी थोडेच जाते. घेतलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपाने पेशींत साठतो, व दिवसा रंध्रे मिटलेली असता सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने त्यापासून साखर बनते. पानफुटीचे पान सकाळी आंबट व दुपारी बेचव लागते, याचे कारण हेच. बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने हिंदुस्थानात ही पाने चाखून केलेली नोंद १८१५ मध्ये प्रसिद्ध झाली.

शेतातील घोळीची भाजी तर याहून चतुर आहे. ओल असता ती मका-ज्वारीच्या रीतीने अन्न तयार करते. ताण पडताच रात्री आम्ल साठविण्याच्या रीतीची जोड देते आणि पाणी मिळताच पूर्ववत होते. या दोन्ही रीती तिच्या एकाच पेशीत चालतात, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

परंतु अवर्षण लांबले की निवडुंग रात्रीही रंध्रे मिटून घेतो. स्वतःच्या श्वसनातून निघालेला कर्बवायूच तो पुनःपुन्हा वापरतो. बाहेरून काही येत नाही, तेव्हा वजनही वाढत नाही. तगून राहणे निराळे आणि चारा देणे निराळे.

केंद्र शासनाच्या भूसंसाधन विभागाने २०२२ मध्ये काटेविरहित निवडुंगाच्या लागवडीस चालना दिली. ही दिशा योग्यच आहे. मात्र तिचा प्रचार करताना 'बिनपाण्याचे पीक' हे शब्द टाळावेत. निवडुंग हा सोयाबीनचा पर्याय नव्हे, ती हलक्या जमिनीवरची चाऱ्याची शिल्लक होय. ही शिल्लक सुकाळातच साठवावी लागते. पाणी साचणारी काळी जमीन टाळून उताराची मुरमाड जागा निवडावी. पाने सावलीत काही दिवस सुकवून, काप भरल्यावर लावावीत. ताणाच्या काळात शक्य तेव्हा एखादे पाणी द्यावे. त्यानेच थांबलेली वाढ पुन्हा सुरू होते. या चाऱ्यात पाणी पुष्कळ व प्रथिने अल्प असल्यामुळे तो एकटा न घालता कडबा अथवा कुटारात मिसळूनच जनावरांस द्यावा.

गावोगावच्या कार्यकर्त्यांनी निवडुंगाचे गुण सांगावेत, तशी त्याची मर्यादाही सांगावी. दुष्काळ आल्यावर लावलेला निवडुंग त्या वर्षी गोठ्यातील बैलाच्या उपयोगी पडत नाही.