गंधकवायूचा हिशेब चिमणीपाशी थांबवू नका



केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जुलै 2025 मध्ये देशातील तीन चतुर्थांशांहून अधिक औष्णिक वीज केंद्रांना सल्फर डायऑक्साइडच्या, म्हणजे गंधकवायूच्या, मर्यादेतून सूट दिली. डिसेंबर 2015 चे हे निकष दोन वर्षांत पाळायचे होते. मुदतवाढ मिळत गेली आणि आता ते बहुतेकांना लागूच राहिले नाहीत. सूट मिळण्यामागचे एक कारण खर्चाचे. चुनखडीच्या साहाय्याने धुरातला गंधकवायू शोषणाऱ्या ‘एफजीडी’ यंत्रणेमुळे वीज युनिटमागे 25 ते 30 पैशांनी महागेल, असा अंदाज मांडला गेला. तो पूर्ण खरा धरला, तरी महिन्याला 100 युनिट वापरणाऱ्या घरावर जास्तीत जास्त 30 रुपयांचा भार पडतो. गरीब ग्राहकांना त्यातून वगळता येईल. श्वसनविकारांवरचा खर्च मात्र कोणत्याच वीजदरात दिसत नाही. तो रुग्णाच्या घरातून जातो, म्हणून जमाखर्च मांडताना शून्य धरला जातो.

या यंत्रणेवरचा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आपल्या कोळशात गंधक अर्ध्या टक्क्याच्या आसपासच असतो आणि केंद्रांभोवतीच्या हवेत हा वायू बहुधा मर्यादेतच आढळतो, हे खरे. पण हजार मेगावॉटचे केंद्र पूर्ण क्षमतेने चालले तर दिवसाला सुमारे 15 हजार टन कोळसा जळतो, म्हणजे जवळजवळ दीडशे टन गंधकवायू बाहेर पडतो. दोन-अडीचशे मीटर उंच चिमण्यांतून तो दूर जातो, वाटेत त्याचे सल्फेटचे सूक्ष्म कण बनतात आणि शेकडो किलोमीटरवरच्या माणसांच्या फुप्फुसांत उतरतात. जवळच्या हवेतला वायू मोजून हे नुकसान दिसणारच नाही. दहा किलोमीटरच्या आत दहा लाख वस्तीचे शहर आहे की नाही, यावर सक्ती ठरवण्याच्या नव्या नियमाला म्हणूनच शास्त्रीय आधार नाही. आपल्या कोळशात राख जास्त, तेव्हा आधी ती रोखा, असेही सांगतात. ती जरूर रोखावी. पण राख पकडणारी यंत्रणा वायू पकडत नाही.

गंधकवायू रोखणे आपल्याकडे जमणार नाही, असे कुणी म्हणू नये. न्यायालयीन आदेशातून नेमलेल्या प्राधिकरणाच्या रेट्यामुळे डहाणूच्या 500 मेगावॉटच्या केंद्रात 2007 मध्येच, चुनखडीऐवजी समुद्राचे पाणी वापरून, एफजीडी यंत्रणा बसली. डहाणूच्या चिकूबागांसाठी जे झाले ते 2920 मेगावॉटच्या चंद्रपूरसाठी का होऊ नये? जुनी, लवकरच बंद होणारी केंद्रे खुशाल वगळा. पुढची वीस-पंचवीस वर्षे चालणाऱ्या प्रत्येक केंद्राला मात्र ही यंत्रणा सक्तीची करावी आणि राज्य सरकारने तशी मागणी केंद्राकडे लेखी नोंदवावी.