वर्ध्याची अट

‘परक्या देशात लोकशाही असो की लष्करशाही, आपल्याला काय त्याचे? आपण तेल घ्यावे, माल विकावा.’ हा पूर्वपक्ष हल्ली व्यवहारचातुर्य म्हणून मिरवतो. संबंधांना मानवी हक्कांची अट घालणे हे पाश्चात्त्यांचे ढोंग, आपल्या परंपरेत ते बसत नाही, अशी पुस्तीही जोडली जाते.

ढोंगाचा आरोप बराचसा खरा आहे. परंपरेचा दावा साफ खोटा, आणि तो खोडायला वर्ध्याबाहेर जावे लागत नाही.

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतीय प्रतिनिधींना न विचारताच भारताला युद्धात ओढले. पाठोपाठ काँग्रेस कार्यकारिणी वर्ध्यात बसली. चीनचा दौरा अर्धवट टाकून आलेल्या नेहरूंनी मसुदा लिहिला. १४ तारखेला निवेदन निघाले. नाझींचा धिक्कार त्यात स्वच्छ होता. पण ज्या स्वातंत्र्यासाठी लढता ते आम्हालाच नाकारत असाल, तर तुमच्या युद्धात आम्ही कसे यावे? लोकशाही आणि साम्राज्यशाहीबद्दल तुमचे हेतू काय, ते आधी जाहीर करा. गंमत म्हणजे खुद्द गांधीजींचे मत वेगळे होते: पाठिंबा द्यायचा तर विनाअट द्यावा. त्या मतापुरते ते एकटे पडले.

‘अटीने मिळाले काय?’ ऑक्टोबरात व्हाइसरॉयने वसाहतीच्या स्वराज्याचे जुनेच गाजर दाखवले. कार्यकारिणीने वर्ध्यातूनच मंत्रिमंडळांना राजीनामे द्यायला सांगितले. आठ प्रांतांतली सत्ता गेली. वर्धा ज्यात होते ते मध्यप्रांत-वऱ्हाडचे शुक्ल मंत्रिमंडळही गेले. मोकळ्या मैदानात मुस्लिम लीगने पाय पसरले. तोटा झाला, तो लपवू नये. पण अट खरी की भाषणबाजी, हे पदरमोडीवरूनच ठरते. १९४६ साली वर्णद्वेषापायी दक्षिण आफ्रिकेशी व्यापार थांबवला, तेव्हाही माल आपलाच अडला.

अट शस्त्रांना, कर्जाला, मानसन्मानाला असावी. बोलणी, व्हिसा आणि औषधे यांना नको. शिवाय ती मित्रालाही लागू हवी. १ जुलै १९४२ च्या पत्रात गांधीजींनी रूझवेल्टना बजावले होते, की हिंदुस्थान आणि आफ्रिकेची पिळवणूक चालू असेपर्यंत, अमेरिकेत कृष्णवर्णीयांचा प्रश्न असेपर्यंत, दोस्तांची लोकशाहीची भाषा पोकळ वाटते. मग उद्या कोणी आपल्या तुरुंगांबद्दल विचारले, तर ‘अंतर्गत बाब’ म्हणून दार लावून घेता येणार नाही.

म्यानमारची सीमा आपल्याला लागून आहे, पलीकडे चीन टपलेला आहे. तिथल्या लष्कराशी बोलत राहावे, हे मान्य. पण १८ जून २०२१ रोजी त्या लष्कराकडे जाणारी शस्त्रे रोखा, असे सांगणारा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आला, तेव्हा ११९ देशांनी बाजूने मत दिले. भारत तटस्थ राहिला. ते चुकलेच.