केबिनमधला खटका कुणाच्या हाती?



मालमोटारीच्या चालकाला थंड हवा मिळावी की नाही, यावर सरकार दरबारी बरीच वर्षे नुसती चर्चाच झाली. अखेर डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. गाडी आणि माल मिळून साडेतीन टनांपेक्षा अधिक वजनाच्या नव्या मालमोटारींच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले आणि २०२५ सालात ही सक्ती अंमलात आली. या निर्णयाचे आम्ही मनापासून स्वागत करतो. पण नियम नव्या गाडीला आहे. त्याआधीच्या लाखो मालमोटारी आजही रस्त्यावर आहेत आणि आणखी कित्येक वर्षे राहणार आहेत. शिवाय गाडीत एसी बसविला म्हणजे चालकाला गारवा मिळालाच, असेही नाही. खटका चालकापुढे असतो, पण तो दाबण्याचा हुकूम बहुधा दुसऱ्याच्या हातात असतो. आज बोलायचे आहे ते त्याविषयी.

रेल्वे आणि टपाल कामगारांनी या प्रश्नात का पडावे, असे कोणी विचारील. टपालाच्या पिशव्या आज रुळांइतक्याच रस्त्यानेही धावतात. काही खात्याच्या मेल मोटर गाड्यांतून जातात, काही ठेकेदाराच्या गाड्यांतून. स्टेशनच्या पार्सल कचेरीत उतरलेला माल पुढे मालमोटारच नेते. आणि इंजिनाच्या कॅबमध्ये मे महिन्याची दुपार काढणे म्हणजे काय, हे भुसावळ, नागपूर, इटारसीच्या आपल्या रनिंग स्टाफला आम्ही सांगायला नको. रेल्वेची नवी विद्युत इंजिने आता वातानुकूलित कॅबसह येतात, पण त्यासाठी आपल्या संघटनांना वर्षानुवर्षे पाठपुरावा करावा लागला. प्रश्न एकच आहे, फक्त चाके वेगळी.

पाऊस आणि थंडी, उन्हाचे काय?

१९४८ च्या कारखाना कायद्यात कामाच्या जागी हवा खेळती असावी आणि तापमान सुसह्य असावे, यासाठी स्वतंत्र कलम होते. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात आठ तासांचा दिवस, अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा, विश्रांतीची खोली, उपाहारगृह हे सारे आले. पाऊस आणि थंडी यांपासून संरक्षणासाठी गणवेश, रेनकोट यांची तरतूदही आली. उन्हाचे नाव मात्र त्या तरतुदीत नव्हते. या उष्ण देशात चालकाला रेनकोट देण्याचा विचार झाला, पण तापलेल्या इंजिनाशेजारी बसून तो भाजून निघतो याचा विचार व्हायला साठ वर्षे लागली. हे दोन्ही कायदे आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावले गेले असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. कायद्याचे नाव बदलले तरी केबिन हीच चालकाची कामाची जागा, हे सत्य बदलत नाही.

उन्हाने माणसाच्या अंगातील पाणी आटते, डोके जड होते, लक्ष उडते. वीस-पंचवीस टन वजन घेऊन धावणाऱ्या गाडीच्या चाकामागे असा माणूस बसलेला असेल तर धोका त्याच्या एकट्याला नाही, रस्त्यावरच्या प्रत्येकाला आहे. म्हणून केबिनमधला गारवा ही चैन नव्हे. ब्रेक आणि दिवे जसे गाडीचे अंग, तसाच तो.

जुन्या गाडीतली यंत्रणा

जे यंत्र आपल्यासाठी आहे ते आपल्याला कळले पाहिजे, नाहीतर "ते असेच असते" हे मालकाचे किंवा मिस्त्रीचे उत्तर आपण ऐकून घेतो.

प्रथम ऊब. इंजिन थंड ठेवणारे पाणी साधारण ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत तापते. त्यातले थोडे पाणी दोन रबरी नळ्यांतून डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरकडे वळवतात आणि ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो. झाला हीटर. ही उष्णता एरवी वायाच जाणार असते, म्हणून तिला वेगळे इंधन जवळजवळ लागत नाही.

गारव्याचे तसे नाही. इंजिनाच्या पट्ट्यावर कंप्रेसर चालतो. एसीचा खटका दाबला की त्याच्या तोंडावरचा चुंबकीय क्लच पकड घेतो. "टक्" असा आवाज येतो तो त्याचाच. कंप्रेसर गॅस दाबतो, दाबलेला गरम गॅस रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये निवून द्रव होतो, एका बारीक झडपेतून सुटून डॅशबोर्डमागच्या इव्हॅपोरेटरमध्ये पसरतो आणि तिथल्या हवेतील उष्णता शोषून घेतो. कंप्रेसर फिरवायला इंजिनाची ताकद, म्हणजे डिझेल, खर्च होते. ऊब फुकट, गारवा विकत, हा फरक लक्षात ठेवा. पुढचा सारा तंटा त्यातूनच निघतो.

जुन्या गाडीत हे सारे तीन खटक्यांवर चालते. पहिला ब्लोअरच्या वेगाचा. दुसरा तापमानाचा: त्याला जोडलेली तारेची केबल एकतर गरम पाण्याचा कॉक उघडते-मिटते, नाहीतर आतली एक झडप हलवून गरम व थंड हवेचे मिश्रण ठरवते. तिसरा हवेच्या दिशेचा: तोंडावर, पायांवर की समोरच्या काचेवर. याखेरीज बाहेरची ताजी हवा घ्यायची की आतलीच फिरवायची, याची एक दांडी असते. संगणक नाही, पडदा नाही. केबल, झडप आणि तारा. म्हणूनच ही यंत्रणा साध्या मिस्त्रीलाही दुरुस्त करता येते.

आपल्याकडच्या जुन्या मालमोटारींत बहुधा एवढेही नसे. चासिस कारखान्यातून येई आणि केबिन बॉडी बांधणाऱ्याकडे लाकूड-पत्र्याची बने. इंजिनाचे झाकण केबिनच्या आतच, आणि त्याची धग चालक-क्लीनरच्या अंगावर. हीटर नको असताना चोवीस तास मिळे! हवेसाठी खिडकी आणि डॅशबोर्डवर स्क्रूने बसविलेला छोटा पंखा, एवढाच काय तो सरंजाम.

व्हॅक्यूमचा धडा

अमेरिकेतील जुन्या पिकअप ट्रकांत दिशेच्या झडपा हलवायला केबलऐवजी व्हॅक्यूम वापरत. पेट्रोल इंजिन हवा आत ओढताना जो व्हॅक्यूम तयार होतो, तो बारीक नळ्यांनी डॅशबोर्डपर्यंत आणायचा आणि त्यावर झडपा ओढायच्या. (डिझेल इंजिनात असा व्हॅक्यूम आपोआप मिळत नाही, वेगळा पंप लावावा लागतो.) नळीला चीर गेली की चढावर, इंजिनावर जोर पडताच, तोंडावर येणारी हवा आपोआप समोरच्या काचेकडे वळे. अनेकांना हा नुसता बिघाड वाटे. पण त्यामागे विचार होता: व्हॅक्यूम गेला तर झडपांनी अशा जागी जावे की निदान काच स्वच्छ राहील आणि चालकाला रस्ता दिसेल.

आपल्या जुन्या गार्ड आणि ड्रायव्हर मंडळींना हे तत्त्व नवीन नाही. व्हॅक्यूम ब्रेकच्या गाडीत नळी तुटली की व्हॅक्यूम जातो आणि ब्रेक लागतो. एअर ब्रेकमध्येही मुख्य नळीतला दाब गेला की गाडी थांबते. यंत्र बिघडले तरी माणूस वाचला पाहिजे, हा त्याचा अर्थ. केबिनच्या व्यवस्थेतही हाच नियम हवा. आज मात्र उलटे घडते. एसी बिघडला की गाडी धावतच राहते आणि सोसतो तो माणूस.

बिघाड ओळखा, नोंद करा

जुन्या गाडीतले बहुतेक बिघाड ठरावीक आहेत. ब्लोअर फक्त सर्वांत वेगाच्या खुणेवर चालतो आणि बाकी वेगांवर बंद, असे असेल तर मोटर चांगली आहे, वेग कमी करणारा रेझिस्टन्स जळाला आहे. एसी चालू असूनही हवा कोमट येते आणि हीटरच्या दोन्ही नळ्या हाताला गरम लागतात, तर पाण्याचा कॉक नीट मिटत नसावा; गारवा आणि ऊब आत एकमेकांशी भांडत आहेत. खटका सरकतो पण काहीच बदलत नाही, तर केबल निसटली असेल. क्लचचा "टक्" आवाजच येत नसेल तर फ्यूज, वायरिंग किंवा कमी झालेला गॅस बघावा. आणि गॅस कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. ती न शोधता दर उन्हाळ्यात गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. फार जुन्या यंत्रणेत आर-१२ हा गॅस असे, नंतर आर-१३४ए आला. दोन्ही एकमेकांत मिसळू नयेत.

पावसाळ्यातही ही यंत्रणा कामाची आहे. घाटात काचेवर आतून वाफ धरते आणि चालक एका हाताने फडके फिरवतो. एसी हवेतला दमटपणा काढतो. तो चालू ठेवून, तापमानाचा खटका थोडा उबेकडे नेऊन, हवा काचेवर सोडली तर काच चटकन साफ होते. एसी फक्त उन्हाळ्याचा, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

या प्रत्येक बिघाडाची लॉगबुकात नोंद करा. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. लिहिलेली तक्रार वाटाघाटीच्या टेबलावर येते.

हुकूम कुणाचा?

आता मुद्द्याची गोष्ट. खाजगी वाहतुकीत अनेक ठिकाणी चालकाला फेरीमागे मोजून डिझेल देतात. वाचले तर त्याला चार पैसे, कमी पडले तर खिशातून भर. अशा गाडीत एसी असून उपयोग काय? चालक खटक्याकडे बघतो, डिझेलच्या काट्याकडे बघतो आणि खिडकी उघडतो. कायद्याने यंत्र दिले, पण हिशेबाच्या वहीने ते काढून घेतले. डिझेलचे प्रमाण एसीचा खर्च धरून ठरविले जात नाही, तोवर ही सक्ती कागदावर राहण्याचा धोका आहे.

दुसरा आक्षेप नेहमीचा: गार केबिनमध्ये चालकाला झोप लागेल. इंजिनाच्या कॅबबद्दलही आपण हेच ऐकत आलो. झोप गारव्याने लागत नाही, अपुऱ्या विश्रांतीने लागते. हां, आतलीच हवा तासन् तास फिरवत ठेवली तर ती कोंदट होते आणि गुंगी येते हे खरे. त्यावर उपाय ताज्या हवेची दांडी अधूनमधून उघडणे हा आहे, एसी बंद करणे हा नव्हे. इंजिन आणि एसी चालू ठेवून बंद केबिनमध्ये झोपणे मात्र टाळलेच पाहिजे. धुराच्या नळीला गळती असेल तर आत शिरणारा कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही आणि जीव घेतो. चालकाला झोपायला केबिन नव्हे, विश्रांतिगृह हवे. आणि केबिन गार झाली म्हणून ड्युटी लांबविण्याचा डाव कोणी टाकील, तर तो आपण हाणून पाडला पाहिजे.

आपण काय मागावे?

१. टपालाची व पार्सलची वाहतूक करणाऱ्या प्रत्येक गाडीच्या, मग ती खात्याची असो वा ठेकेदाराची, देखभालीच्या यादीत एसी, हीटर व ब्लोअरची तपासणी यावी.

२. वाहतुकीच्या ठेक्यात चालू स्थितीतील वातानुकूलित केबिनची अट असावी, आणि एसीच्या डिझेलचा भार चालकावर टाकू नये.

३. ज्या जुन्या गाड्यांत एसी बसविणे शक्य नाही, तिथे निदान इंजिनाच्या झाकणाला उष्णतारोधक अस्तर, चालू पंखे आणि पिण्याच्या पाण्याची सोय तातडीने व्हावी.

४. उन्हाळ्याच्या महिन्यांत भर दुपारच्या फेऱ्यांचे वेळापत्रक बदलण्याबाबत संघटनेशी चर्चा व्हावी.

५. कामाच्या तासांत कोणतीही वाढ खपवून घेतली जाणार नाही, हे लेखी मान्य व्हावे.

आमची सर्व शाखांना विनंती आहे की त्यांनी येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा. ठेकेदाराच्या गाडीवरचा चालक आपल्या युनियनचा सभासद नसेल, पण आपलीच पिशवी तो वाहतो. त्याच्या घामावर स्वस्त झालेला ठेका उद्या आपल्याच कायम जागांवर घाला घालतो, हा अनुभव रेल्वेत आणि टपालात आपल्याला नवा नाही. म्हणून त्याची मागणी ती आपली मागणी. गाडीत खटका बसवून घेणे ही निम्मी लढाई झाली. तो दाबण्याचा अधिकार चालकाच्या हाती येईल, तेव्हाच ती पुरी होईल.