सुप्याची होळी आणि न्यायमूर्ती रानडे

महादेव गोविंद रानडे १८९३ साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले, एवढे सर्वांना ठाऊक असते. त्यांच्या न्यायबुद्धीचा खरा कस मात्र त्याआधीच, कर्जबाजारी कुणब्यांच्या दाव्यांत लागला होता.

१२ मे १८७५ रोजी आजच्या बारामती तालुक्यातील सुपे येथे, भर बाजारच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जरोखे जाळले. हे लोण इंदापुरातही पोहोचले. तेथे १८६७ च्या फेरपाहणीने शेतसारा आधीच वाढला होता.

त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. कर्जापायी होणारी कैद थांबली. व्यवहाराचा मुळापासूनचा इतिहास तपासणे न्यायाधीशावर बंधनकारक झाले. (निवाड्याआधी इतिहास वाचायला लावणारा कायदा विरळाच!) लहान दाव्यांना अपील नव्हते, त्याऐवजी खास न्यायाधीशाने खालच्या निकालांची फेरतपासणी करायची. रानडे १८८१ मध्ये या कामी साहाय्यक म्हणून आले आणि १८८७ मध्ये स्वतः खास न्यायाधीश झाले.

कायद्याला पळवाटा होत्याच. गहाणाऐवजी खरेदीखत लिहून घेण्याची युक्ती सावकारांनी शोधली. तरीही उच्च न्यायालयातील खुर्चीपेक्षा हेच काम मोठे मानावे लागते: ज्याला अपिलाची वाटच नव्हती, त्या कुणब्याचे दप्तर येथे पुन्हा उघडले जात होते.